पेटी न उघडता

"हात लावायचा नाही," काशिनाथआबा चौधरी म्हणाले. "बघायचं ते लांबून बघा."

मी पेटीकडे बघत उभा होतो. गुडघ्याएवढ्या उंचीच्या त्या लोखंडी पेटीला आडवी-उभी सुतळी गुंडाळली होती, गाठीगाठीवर लाख ओतली होती आणि लाखेत दूध संघाचा शिक्का उमटवला होता. शिक्क्यात गाय होती. चार गाठी, चार गाई. मागची हवेची जाळी कुणीतरी जाड कागद चिकटवून बंद केली होती, म्हणजे मशीन गुदमरून मरायची व्यवस्थित सोय झाली होती. तो कागद आधी काढावा म्हणून वाकलो तर त्याच्यावरही तीन सह्या.

"आबा, आत काय आहे ते सांगायचं तर झाकण काढावं लागेल. चार स्क्रू आहेत. पाच मिनिटांचं काम."

"सील समितीच्या तिघांच्या समोर लागलं, तिघांच्या समोरच निघेल. तिसरे गेले चारधामला."

"परत कधी येतील?"

"काल केदारनाथला होते म्हणे. बद्रीनाथ राहिलंच अजून."

"आणि सभा सोमवारी आहे," जावळे सर म्हणाले. ते चौकशी समितीचे दुसरे सभासद. निवृत्त हेडमास्तर, मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद, आणि कुणीही काही बोललं की मान हलवायची सवय. मी बोललो तेव्हाही हलवली होती, आबा बोलले तेव्हाही.

ही गोष्ट दोन हजार तीन सालच्या मे महिन्यातली. भुसावळपासून तासाभरावरचं तालुक्याचं गाव. संघाचं नाव सांगत नाही. संघ आता उरला नाही, पण माणसं आहेत. मी तेव्हा जळगावच्या एका कंपनीत होतो. मशीनं विकायची, बसवायची, बिघडली की जाऊन बघायची, असं काम. बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं आणि संघाच्या आख्ख्या कचेरीत एसी होता तो फक्त या कॉम्प्युटरच्या खोलीत. मला माणसं मोजायची खोड आहे. मी आल्यापासून दहा मिनिटांत सात जण "मशीन काय म्हणतंय" असं विचारायला आत येऊन, एसीखाली उभं राहून, घाम वाळवून गेले. सातांपैकी मशीनकडे एकानंही पाहिलं नाही.

प्रकरण साधं होतं. संघाला नवं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. विकणारे येऊन बघून गेले आणि म्हणाले, आम्हाला एकशे अठ्ठावीस मेमरी लागते, तुमच्या मशीनमध्ये चौसष्टच आहे. संघाच्या कागदावर एकशे अठ्ठावीस होती. बत्तीसची चार कार्डं. म्हणजे दोन कार्डं कमी. मेमरीचं कार्ड असतं वीतभर लांब आणि दोन बोटं रुंद, बाईमाणसाच्या पर्समध्ये सहज मावेल असं. हे शेवटचं मला गावात उतरल्यापासून तिघांनी सांगितलं होतं. आणि खोलीची किल्ली पाच वर्षं एकाच बाईकडे होती.

ती बाई दाराशी उभी होती. सिंधू नेहेते. टायपिस्ट म्हणून लागली, कॉम्प्युटर आला तेव्हा बाकीचे लांब पळाले म्हणून तिला त्याच्यापुढे बसवलं, आणि पुढं तीच संघाचं कॉम्प्युटर खातं झाली. तीनशे गावांतलं दूध, प्रत्येकाची फॅट, रोज दोन वेळा तिच्या हाताखालून जायचं. आता ती निलंबित होती. पण मशीनचा मुख्य पासवर्ड तिच्याशिवाय कुणाला येत नव्हता, आणि तो बदलून घ्यायचा असतो हेही कुणाला माहीत नव्हतं. म्हणून तीन आठवडे रोज सकाळी साडेसहाला तिला घरून बोलावून घेत, पासवर्ड टाकून घेत आणि पुन्हा फाटकाबाहेर सोडत. चोर म्हणून काढलेली बाई रोज येऊन तिजोरी उघडून देत होती, आणि यात काही गंमत आहे असं त्या आवारात कुणाला वाटत नव्हतं.

"सोमवारी सभेपुढे अहवाल ठेवायचा," आबा म्हणाले. "मशीनमध्ये काय आहे ते तुमच्या सहीनं हवं. तुम्ही जाणकार. मग बडतर्फी, मग पोलीस. आम्हाला उगाच कुणाचं वाईट करायचं नाही."

"पेटी न उघडता?"

"त्या बाई म्हणाल्या, उघडावी लागत नाही. टाइप करून दिसतं म्हणे. आणि फालकसाहेबांनाच बोलवा म्हणाल्या, दुसरा नको."

मी नेहेतेबाईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. चार-पाच वर्षांत आमची फोनवर बोलणी बरीच झाली होती, पण मलाच का, हे तेव्हा कळलं नाही. ओळखीचा माणूस, दया करील असं वाटलं असेल, असा मी माझ्यापुरता अंदाज केला आणि थोडा सुखावलोही.

खुर्ची ओढून बसलो. पासवर्ड टाकायला बाई पुढे आल्या, आबांनी तोंड फिरवलं, जावळे सरांनीही फिरवलं. खरं तर बघितलं असतं तरी त्यांना काही कळलं नसतं.

युनिक्सचं मशीन हे सरकारी कारकुनासारखं असतं. विचारल्याशिवाय बोलत नाही, पण विचारलं तर सगळं सांगतं. हार्डवेअरची यादी मागायची एक आज्ञा आहे. ती दिली आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी उतरायला लागल्या. फ्लॉपी अमुक पत्त्यावर. प्रिंटरचं तोंड तमुक पत्त्यावर. डिस्क, टेप, आठ टर्मिनलं जोडायचं कार्ड. एकेक ओळ मी मोठ्यानं मराठीत सांगत होतो आणि जावळे सर शुद्धलेखन घातल्यासारखं लिहून घेत होते.

"टेपला ह्रस्व की दीर्घ?"

"टेपला काहीच नाही सर, मात्रा आहे."

"मेमरीचं बोला," आबा म्हणाले.

मेमरीची ओळ दुसरीकडे असते. मशीन जेव्हा जेव्हा सुरू होतं, तेव्हा आधी स्वतःच्या अंगावर काय काय आहे ते चाचपून बघतं आणि जे सापडेल ते तारीख घालून एका फाईलमध्ये उतरवून ठेवतं. ती फाईल मी उघडली, शेवटचं पान काढलं. त्याच दिवशी सकाळची साडेसहाची नोंद. एकूण मेमरी पासष्ट हजार एकशे बावन्न.

"म्हणजे किती?"

"चौसष्ट."

"म्हणजे दोन कार्डं नाहीत."

"दोन कार्डं दिसत नाहीत."

"तेच ते," आबा म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. "लिहा सर. तज्ज्ञांनी तपासणी केली असता."

जावळे सरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं. तेवढ्यात बाई पहिल्यांदा बोलल्या.

"फालकभाऊ, वर जा."

"कुठे वर?"

"त्याच फाईलमध्ये. वर वर जात राहा. पार पहिल्या नोंदीपर्यंत."

आबा म्हणाले, "आता कशाला? आजचं दिसलं ना."

"कार्डं कधी गेली ते कळेल ना आबा," मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटलं. कुठल्यातरी तारखेला एकशे अठ्ठावीसचे चौसष्ट झालेले सापडतील, त्या दिवशी बाई रजेवर निघाल्या तर सुटतील, कामावर निघाल्या तर अडकतील. एवढी मदत आपल्या हातून होत असेल तर करावी.

वर जात राहिलो. दोन हजार दोन, चौसष्ट. दोन हजार एक, चौसष्ट. गणपतीत वीज गेली होती तेव्हाच्या एका दिवसात सहा नोंदी, सहाही चौसष्ट. दोन हजार, नव्याण्णव. बाईंनी पाच वर्षं एकदाही ती फाईल साफ केली नव्हती. मी कळ दाबत होतो आणि बोलणं बंद केलं होतं. सर पेन धरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

मग वर जाणं थांबलं. त्याच्यावर काही नव्हतंच.

सोळा जून अठ्ठ्याण्णव. दुपारी एक वाजून वीस मिनिटं. एकूण मेमरी पासष्ट हजार एकशे बावन्न.

"काय आहे?" आबांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून चौसष्टच आहे."

आबांनी उपरण्यानं मान पुसली, घाम नसताना.

"हे बघा भाऊ," ते सावकाश म्हणाले. "मशीन कुणाच्या ताब्यात? यांच्या. पासवर्ड कुणाचा? यांचा. मला कॉम्प्युटर येत नाही, पण केळीच्या वजनाच्या पावत्या कशा बदलतात ते येतं. हे लिहिलेलं पुसून दुसरं लिहिता येतं की नाही?"

खोटं बोलायची सोय नव्हती. "येतं. मुख्य पासवर्ड असेल तर येतं."

"झालं मग. आणि आमच्याकडे त्याच दिवसाचा कागद आहे." त्यांनी फाईलमधून एक पिवळट पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "मशीन बसवल्याचा अहवाल. मेमरी एकशे अठ्ठावीस, चार कार्डं, आत उघडून मोजून पाहिली. सही बघा कुणाची आहे."

सही माझी होती. कागद हातात यायच्या आधीच मला ते माहीत होतं. ती तारीख दिसली तेव्हाच.

"तुम्ही मोजलीत ना चार?"

मी म्हटलं, "जरा पाणी पिऊन येतो."

मागच्या ओट्यावर रिकाम्या कॅनच्या थप्प्या होत्या. पाणी रांजणात होतं तरी कोमट होतं. माझ्या मागोमाग आबा आले. मी दोन पेले प्यायलो, त्यांनी दोन्ही पिऊ दिले.

"भाऊ, मी काही तुमच्या मागे लागलेलो नाही," ते म्हणाले. "पण त्या कागदावर खाली माझी पण सही आहे. खरेदी समितीचा अध्यक्ष म्हणून. माल पूर्ण मिळाला, तपासून घेतला."

"घेतला होता?"

"मी? त्या दिवशी मी पेढे वाटत होतो. तालुक्यातलं पहिलं कॉम्प्युटर." ते थोडे हसले. "माझं म्हणणं एवढंच, मारामारी कशाला? तुम्ही लिहा की कार्डं चारही आहेत, पण दोन नादुरुस्त आहेत, म्हणून मशीनला दिसत नाहीत. असं होतं ना?"

"होतं कधी कधी."

"मग झालं की. चोरी नाही, पोलीस नाही. बाईला कामावर घेऊ. तुम्ही मोकळे, मी मोकळा. पेटी तशीच भंगारात जाईल सीलसकट."

कबूल करतो, मला ते फार आवडलं. इतका थकलो होतो की सावलीत खाट दिसल्यावर वाटतं तसं वाटलं. आबा लबाड होते, पण त्यांच्या लबाडीत कुणाचा जीव जात नव्हता. मी म्हटलं, "बाईंना विचारतो."

"त्यांना काय विचारायचं? त्या सुटतायत."

तरी विचारलं. बाई फाटकाजवळच्या कडुनिंबाखाली एका उपड्या कॅनवर बसल्या होत्या. काम संपेपर्यंत बाहेर थांबा असं त्यांना सांगितलेलं असणार. मी आबांचं म्हणणं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे दोन कार्डं पाच वर्षं बिघडलेली होती आणि मला कळलं नाही, असं होईल."

"त्याला काही शिक्षा नाही, नेहेतेबाई."

"पण ते खरं नाही."

"चोरीपेक्षा बरं आहे."

"भाऊ, तीन आठवडे माझ्या शेजारणीनं मला दारात उभं केलेलं नाही. आता नादुरुस्त म्हणून सोडलं तर लोक म्हणतील, आबांनी वाचवली. का वाचवली ते पण म्हणतील." त्या अजिबात रडत नव्हत्या. हिशेबनीस बोलतात तशा बोलत होत्या. "तुम्हाला तो दिवस आठवतो?"

"सगळा नाही."

"मला आठवतो. तुमची गाडी उशिरा आली. इथे पेढे, हार, फोटो. तुम्ही सकाळपासून जेवला नव्हता. मशीन चालू झालं आणि तुम्ही बॅगेतून तो कागद काढला. टाइप करूनच आणला होता तुम्ही, जळगावहून. मेमरी किती, कार्डं किती, मोजून पाहिली, सगळं आधीच लिहिलेलं. तुम्ही खाली सही केली."

हे खरं होतं. आमच्या कंपनीत अहवाल ऑर्डरवरून टाइप व्हायचे, मशीनवरून नाही. मशीन निघायच्या आधी अहवाल तयार. साइटवर जायचं, चालू करायचं, सही करायची, पुढच्या गावाची एस.टी. पकडायची. 'आत उघडून मोजून पाहिली' हे छापीलच असायचं. मी त्या वर्षात चाळीसेक मशीनं बसवली आणि झाकण एकाचंही उघडलं नाही. साहेब म्हणायचे, उघडलं तर वॉरंटीचा कागद फाटतो. त्या जूनमध्ये मुंबईहून मेमरी कमी येत होती, हेही मला माहीत होतं. आपल्या मशीनमध्ये किती आली ते मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर सही करणं जड गेलं असतं.

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"निलंबनाच्या दुसऱ्या दिवशी. पासवर्ड टाकायला बोलावलं तेव्हा बसल्या बसल्या फाईल वर नेली. पण मी दाखवलं तर मीच लिहिलं म्हणणार, ते आबा आत म्हणालेच. चार कार्डं होती असं सांगणारा जगात एकच कागद आहे. तो खरा की खोटा हे एकच माणूस सांगू शकतो."

"म्हणून मला बोलवा म्हणालात."

"हो."

मी म्हटलं, "माझी नोकरी जाईल."

"जाईल," त्या म्हणाल्या. नाही म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "पण तुम्ही एकटे नाही. त्या कागदावर तीन सह्या आहेत. तुमची, आबांची आणि तिसरी माझी. ताब्यात घेणार म्हणून. मी पण नाही बघितलं. तुम्हाला जेवायला भाकरी आणायची होती, मी धावत सही केली आणि घरी गेले. त्याची शिक्षा मला होऊ दे. ती मी केलेली आहे. दुसरी नाही केलेली."

मी इतकी वर्षं माणसं बघत आलो. सुटका मागणारी पुष्कळ पाहिली, आणि सुटका पुढ्यात ठेवली की ती किती चटकन उचलतात तेही पाहिलं. मी स्वतः ओट्यावर उचललीच होती. आपल्या मापाची शिक्षा मागणारं माणूस एवढं एकच.

आत गेलो. जावळे सरांनी नवा कागद काढून ठेवला होता आणि 'तज्ज्ञांनी तपासणी केली असता' एवढं आधीच लिहून ठेवलं होतं. आबा माझ्याकडे बघत होते.

"काय ठरलं?"

"सर, ते खोडा. मी सांगतो ते घ्या." मी उभ्यानंच सांगितलं. "मशीनमध्ये पहिल्या दिवसापासून दोनच कार्डं असल्याची नोंद आहे. बसवल्याच्या अहवालात चार कार्डं मोजून पाहिल्याचं लिहिलं आहे. ते मी मोजलेलं नाही. पेटी मी उघडलेली नाही. अहवाल आधी टाइप केलेला होता, मी न बघता सही केली. ताब्यात घेणाऱ्या दोघांनीही न बघता सही केली. चार कार्डं मुळात आली होती याला दुसरा पुरावा नाही."

सरांचं पेन 'दोघांनीही'पाशी थांबलं. त्यांनी आबांकडे पाहिलं आणि मान हलवायचं विसरले.

"नावं घालायची?" त्यांनी विचारलं.

आबांनी तो पिवळट कागद फाईलमध्ये परत ठेवला. मग म्हणाले, "बाईचं घाला. साहेबांचं घाला."

"तिसरं?"

"तिसरं पुढं बघू. तिसरे सभासद आले म्हणजे."

"मी सही करतो ती तिन्ही नावांवर करतो, आबा."

"तुम्ही करा. तुमच्या सहीला तसाही काय अर्थ राहिला?" हे ते चिडून म्हणाले नाहीत. खरंच विचारलं. मी तिन्ही नावं घालून घेतली आणि सही केली. पुढं सभेत कुठला कागद वाचला गेला, आणि त्यात किती नावं होती, ते मी बघायला गेलो नाही.

नोकरी आठवड्यात गेली. साहेबांनी आरडाओरडा केला नाही. म्हणाले, फालक, चाळीस मशीनं बसवलीस, आता एकोणचाळीस ठिकाणी लोक पेट्या उघडतील. उघडल्या की नाही माहीत नाही. मी वर्षभर घरी होतो, मग भुसावळला दुरुस्तीचं लहानसं दुकान टाकलं. अजून चालतं.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये घरी फोन आला.

"नेहेते बोलतेय. पत्र आलं."

"काय लिहिलंय?"

"वाचून दाखवते." कागद उलगडल्याचा आवाज आला. "'श्रीमती सिंधू वसंत नेहेते यांनी दिनांक सोळा जून एकोणीसशे अठ्ठ्याण्णव रोजी यंत्रसामग्री ताब्यात घेताना प्रत्यक्ष पडताळणी न करता स्वाक्षरी केल्याचे सिद्ध झाले असून, त्यांची एक वेतनवाढ रोखण्यात येत आहे. चोरीचा आरोप निराधार आढळल्याने वगळण्यात येत आहे. त्यांनी सोमवारपासून कामावर रुजू व्हावे.'"

"आबांचं?"

"आबांचं काही नाही. आबा पुन्हा निवडून आले."

"वेतनवाढ घालवलीत तुम्ही. नादुरुस्त लिहिलं असतं तर पूर्ण राहिली असती."

"राहिली असती."

मागे त्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी गॅस बारीक केला.

"चांगलं लिहिलंय नाही?" बाई म्हणाल्या. "एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. पुन्हा वाचू का?"

मी म्हटलं, "वाचा."